केन फोर्कचं नाव

ओलेटा स्टिडमने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि सव्वीस वर्षं लॅनी प्रॉक्टरला मार्क दिले. पहिल्या कामाचा तिला पगार मिळायचा. दुसरं ती हौसेने करायची, आणि अलाबामातल्या आमच्या कोपऱ्यात तिला लोक ओळखायचे ते या दुसऱ्या कामामुळे.

लॅनी म्हणजे शहरातल्या चॅनेलवरचा हवामानवाला. आमच्याकडे एखाद्याला आमदाराचं नाव सांगता येणार नाही, पण लॅनीच्या कुत्र्याचंसुद्धा नाव सांगता येईल. मार्च ते मे, टोर्नेडोच्या दिवसांत, तो घराघरात जेवायला बसल्यासारखा असतो. ओलेटाची एक वही असायची. डाव्या पानावर लॅनी काय म्हणाला ते, वेळ टाकून. उजव्या पानावर खरोखर काय झालं ते, वेळ टाकून. खाली दहापैकी मार्क. मार्क द्यायला हात सढळ नव्हता तिचा. ‘गारा पडतील म्हणालास, पडल्या नाहीत. सहा.’ पहिल्या वर्षीच तिने त्याला ही वही पोस्टाने पाठवली. तो टीव्हीवर खो खो हसला, सगळी वाचून दाखवली, आणि तेव्हापासून दर वसंतात शुक्रवारी ‘मिस ओलेटांचे मार्क’ असा कार्यक्रमच सुरू झाला. चॅनेलने तिला पाठीवर नाव छापलेलं निळं जाकीट दिलं. ते ती चर्चलाही घालून जायची.

पण नुसती मौज नव्हती ती. आमच्या गावामागे पाण्याच्या टाकीची टेकडी आहे. तिथून पश्चिमेला अकरा मैल दिसतं, आणि आमच्याकडे जे काही वाईट येतं ते पश्चिमेकडूनच येतं. लॅनी एकदा स्वतः टेकडीवर आला होता. बार्बेक्यूने माखलेली बोटं पुसत म्हणाला होता, “मिस ओलेटा, रडारला ढगाचं पोट दिसतं, पाय दिसत नाहीत. पाय तुम्ही बघा.” त्या दिवसापासून आभाळ फिरलं की ओलेटा आपला पिकअप घेऊन टाकीखाली जाऊन उभी राहायची आणि दिसेल ते फोनवर सांगायची. मग टीव्हीवर लॅनी म्हणायचा, “टेकडीवरून आमच्या मिस ओलेटा सांगताहेत,” आणि पिकअपच्या रेडिओवर, तिथंही चॅनेलचाच आवाज लागायचा, ते ऐकून या बाईचे कान लाल व्हायचे.

टेकडीच्या पायथ्याशी, ओढ्याला लागून, केन फोर्क. बावीस फिरती घरं, म्हणजे चाकांवर आणून विटांवर टेकवलेली. ओलेटाची धाकटी बहीण विनेल आणि तिचा नवरा डॉइल तिथंच राहायचे. टोर्नेडोत असलं घर म्हणजे खोकं. जीव वाचवायचा तर तीन मिनिटं गाडी हाकून चर्चच्या तळघरात जायचं. पण जायचं कधी? सायरन सगळ्या काउंटीचा एकच. चाळीस मैलांवर वादळ असलं तरी आमच्याकडे बोंबलतो. किती वेळा पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन तळघरात उतरणार? लोक कंटाळले आणि उतरेनासे झाले. तेव्हा ओलेटानेच चर्चच्या हॉलमध्ये उभं राहून नियम घालून दिला.

“सायरनला विचारू नका. लॅनी केन फोर्कचं नाव घेईल तेव्हा निघा. मी टेकडीवर असते. मी त्याला सांगणार, तो तुम्हाला सांगणार. नाव ऐकलं की मग पायात बूट आहेत की नाहीत तेही बघू नका.”

डॉइलने तो नियम कागदावर लिहून चुंबकाने फ्रिजवर लावला. अकरा वर्षांत लॅनीने दोनदा नाव घेतलं. दोन्ही वेळा सगळे गेले. दुसऱ्या वेळी विनेलची शेड उडून ओढ्यापलीकडे पडली, माणसाला ओरखडाही नाही. त्यानंतर त्या कागदावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी एप्रिलमध्ये सोमवारी संध्याकाळी लॅनीने सांगितलं, “बुधवारी दुपारी तीन ते सात. एक नाही, अनेक टोर्नेडो. असं मी वर्षात एकदाच बोलतो.” मंगळवारी दुकानातला ब्रेड आणि दूध संपलं. शाळांना सुट्टी मिळाली. बुधवारी पहाटे पहिला पट्टा आला, ढगांचा नुसता गडगडाट, पाऊस, आणि नऊच्या आत सगळं पार.

पेट्रोलपंपावर ओलेटा बिस्किट-ग्रेव्ही, म्हणजे मऊ पाव आणि दाट रस्सा, खात होती. डॉइलने आल्या आल्या टोपी मागे सरकवली.

“काय गं बसवाले, उरकलं का तुमचं वादळ? एवढ्यासाठी मी सगळ्या कोंबड्या गाडीत भरल्या होत्या. सीटवर बघ काय करून ठेवलंय.”

“दाखव लॅनीला. तोही मार्क देईल तुला.”

“म्हणजे अजून यायचंय म्हणतेस?”

“डॉइल, ऊन पडू दे. मग हसू.”

दुपारी लख्ख ऊन पडलं. लोकांनी अंगातली जाकिटं काढली, कुणी गवत कापायला घेतलं. दर बुधवारी बाराला सायरनची चाचणी होते, ती त्या दिवशी रद्द केली होती, लोकांचा घोटाळा नको म्हणून. तीच शांतता ओलेटाला बोचत होती. दक्षिणेकडून चिकट वारा सुटला होता आणि शर्ट पाठीला डकत होता. टीव्हीवर लॅनी म्हणत होता, “बाहेर छान वाटतंय ना? आता घाबरा. या उन्हावरच वादळ पोसतं.” ओलेटाने तिथल्या तिथे समासात दहा लिहिले. आवडता विद्यार्थी फळ्यावर अवघड गणित न अडखळता सोडवत असावा आणि बाईंना मागच्या बाकावर बसून ते बघायला मिळावं, तसं तिचं झालं होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या काउंटीत पहिला टोर्नेडो उतरला. चारपर्यंत तीन झाले. तिन्ही त्याने सांगितल्या पट्ट्यात, सांगितल्या वेळेत. आमचा सायरन तीनदा वाजला आणि केन फोर्कमध्ये कुणी जागचं हललं नाही. नियमच तसा होता.

चार एक्केचाळीसला टेकडीवरून ओलेटाला पश्चिमेला ते दिसलं. ढगाचा तळ एका जागी खाली लोंबला होता आणि सावकाश फिरत होता, धुरासारख्या चिंध्या खालून वर चढत होत्या. तिने फोन लावला.

“बोला मिस ओलेटा,” जोडीन म्हणाली. दोन वर्षांमागे चॅनेलने नवीन नंबर दिला तेव्हापासून फोन हीच बाई उचलायची. तेव्हापासून टीव्हीवर ओलेटाचं नाव शुक्रवारीच निघायचं, पण वादळाच्या गडबडीत लॅनीला नाव घ्यायला वेळ नसेल असं तिने धरलं होतं.

“मॉर्गन रोडच्या पलीकडं ढग खाली आलाय आणि फिरतोय. सहा मैल. केन फोर्कच्या रोखानं येतोय.”

“लिहून घेतलं. तुम्ही सांभाळा हं.”

रेडिओवर लॅनी शहराबद्दल बोलत होता. काउंटीच्या दक्षिणेला दुसरं एक वादळ होतं, रडारवर तेच मोठं दिसत होतं, सरकारी इशाराही तेवढ्याच भागाला होता. चार चव्वेचाळीसला ढगाखाली हिरव्या-निळ्या ठिणग्या उडाल्या, एकामागून एक. विजेचे खांब पडत होते.

“जोडीन, जमिनीवर आहे! तारा तुटताहेत. लॅनीला आत्ता सांग.”

“हो हो, लिहिलं.”

चार एकोणपन्नासला नळी, शेपूट काहीच दिसेना. पावसाची नुसती काळी भिंत, रुंद, आणि ओलेटाच्या पाठीमागचा वारा तिला ओलांडून त्या भिंतीकडे धावत होता. ती फोनमध्ये ओरडली, “नाव घ्यायला सांग! बाकी काही नको, केन फोर्कचं नाव!”

“मिस ओलेटा, मी सगळं लिहितेय.”

रेडिओवर लॅनी दक्षिणेतल्या एका शाळेचं नाव घेत होता. आणि इथं ओलेटाच्या मनात आलं की लॅनीला आपल्याहून जास्त दिसत असणार. रडारवर ते वळताना दिसलं असेल. सव्वीस वर्षांत त्याने आपल्याला कधी तोंडघशी पाडलं नाही. तिने दोन मिनिटं वाट पाहिली. ती दोन मिनिटं तिला आयुष्यभर पुरणार आहेत.

मग ती टेकडी उतरली, हॉर्नवर हात दाबून धरून. केन फोर्कच्या दारादारात माणसं आली. प्रत्येकाचा प्रश्न एकच, “लॅनीनं नाव घेतलं?”

“मी सांगतेय ना! निघा!”

निम्म्याहून जास्त घरं निघाली. तिच्याच बसमधून शाळेत गेलेली माणसं होती ती, त्या हॉर्नला उठायची सवय होती त्यांना. विनेल धावत येऊन पिकअपमध्ये बसली. डॉइल मात्र आरामखुर्चीत, समोर टीव्ही, मांडीवर वादळात डोक्याला घालायचं त्याचं शाळेतलं जुनं अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट.

“डॉइल, ऊठ.”

“त्यानं नाव कुठं घेतलंय अजून?”

“मी बघून आलेय या डोळ्यांनी.”

“अगं, नियम कुणाचा? तुझाच ना? तो बघ फ्रिजवर.” तो हसत होता. “दक्षिणेकडचं संपवून तो आपल्याकडेच येतोय. दोन मिनिटं. हेन्सन म्हातारा-म्हातारीला घे तू, त्यांच्याकडं गाडी नाही. मी कोंबड्या घेऊन मागोमाग आलोच.”

तिने हेन्सन जोडप्याला घेतलं. त्या पिकअपमध्ये आणखी माणूस मावत नव्हता, हेही खरं. चार सत्तावन्नला चर्चच्या तळघराचं दार बंद झालं. अठ्ठावन्नला सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम किंचाळले, सरकारी इशारा आला. मग कानांना दडे बसले आणि वर जे व्हायचं ते झालं.

डॉइल ओढ्यापलीकडे सापडला. हेल्मेट डोक्यावर होतं आणि पट्टा नीट लावलेला होता.

केन फोर्कची पाच माणसं गेली. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये जनरेटरवर टीव्ही लावला, कोण कुठे सापडलं ते कळावं म्हणून. पडद्यावर लॅनी होता, बाह्या सरसावलेल्या, डोळे लाल. म्हणाला, “केन फोर्कबद्दल मला जमिनीवरून एकही खबर आली नव्हती. आली असती तर मी नाव घेतलं असतं. देवाशप्पथ घेतलं असतं.”

हॉलमधल्या माना वळल्या. ओलेटाच्या अंगावर ते निळं जाकीट होतं.

“सिस,” विनेल म्हणाली, “तू फोन केला होतास ना?”

“तीनदा केला.”

विनेलने टीव्हीकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. लॅनी खोटं बोलत नाही, हे तिला सव्वीस वर्षं शिकवलं होतं कुणी?

अंत्यविधी झाले. हॉलच्या टेबलांवर मक्याचे ब्रेड आणि चीज घातलेल्या पदार्थांचे ट्रे येत राहिले. ओलेटाच्या तोंडावर कुणी चकार शब्द काढला नाही. आमची माणसं सभ्य आहेत, पाठीमागे बोलतात. पंपावर ती आत शिरली की कॉफीच्या मशीनपाशी एकदम सगळ्यांना साखर हवी असायची. एकदा दार लोटताना तिच्या कानावर आलंच, “सहासष्ट वय आहे हो. लागला असेल डोळा.” तिने वही दाखवली असती, फोनमधली यादी दाखवली असती, पण तोंडावर कुणी विचारतच नव्हतं. आणि आपल्याच हाताने लिहिलेली वेळ म्हणजे काय पुरावा?

सोमवारी तिने तोच नंबर फिरवला. लॅनीचं रडारसमोर बसून लक्ष नसेल, गडबडीत चिठ्ठी पडली असेल, अशी काहीतरी पळवाट ती स्वतःच त्याच्यासाठी शोधत होती.

“जोडीन, माझे तीन फोन तू कुणाला दिलेस?”

पलीकडे जोडीन रडायला लागली.

“मिस ओलेटा, मी हवामानाच्या खोलीत बसत नाही हो. मी खालच्या मजल्यावर असते, प्रसिद्धी विभागात. दोन वर्षं झाली. तुमचं सगळं टाइप करून मी शुक्रवारच्या कार्यक्रमासाठी ठेवते.”

“शुक्रवारच्या.”

“नवीन रडार आल्यावर वर तुमची गरज नाही म्हणाले. पण लोकांना तुम्ही आवडता. म्हणून नंबर बदलला. त्या दिवशी तिसऱ्या फोननंतर मी जिन्यानं वर पळाले होते. थेट प्रक्षेपण चालू होतं, दारातल्या माणसानं आत सोडलं नाही. मी परत खाली येऊन बसले. मी का नाही ओरडले, मला माहीत नाही.”

“लॅनीला ठाऊक होतं? फोन खाली येतात हे?”

“त्यांनीच सांगितलं होतं तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणाले.”

ओलेटाने फोन ठेवला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. शिव्या दिल्या असत्या, हाकलून दिलं असतं, तर ती दुसऱ्या कुणाला तरी फोन लावायला शिकली असती. काउंटीच्या कचेरीला लावला असता, पोलिसांना लावला असता. त्याने तिला दयेने गप्प ठेवलं, आणि गप्प ठेवलंय हेही कळू दिलं नाही. दोन वर्षं ती गारांत, चिखलात, टाकीखाली उभी राहून प्रसिद्धी विभागाला आभाळ वाचून दाखवत होती. तिने जाकीट काढलं आणि ते कुठे ठेवावं ते न सुचून बराच वेळ हातात धरून बसली.

पुढच्या शुक्रवारी थेट कार्यक्रम करायला लॅनी स्वतः आला, मोठी गाडी, कॅमेरे, मदतीचे खोके घेऊन. राज्यभर त्याची वाहवा चालली होती. दोन दिवस आधी सांगितलं, तासासकट सांगितलं. खरंच सांगितलं होतं, त्यात खोट नाही. चर्चच्या पटांगणात अख्खं गाव जमलं होतं. विनेल पुढच्या रांगेत घडीच्या खुर्चीवर होती. लॅनीने ओलेटाला मिठी मारली. तिने हात खालीच ठेवले.

“मिस ओलेटा,” तो माईकमध्ये म्हणाला, “हे वर्ष हसायचं नाही. पण गावाला तुमच्याकडूनच ऐकायचंय. या अंदाजाला किती मार्क?”

तिने वही उघडली. बसमध्ये हजेरी घ्यायची त्याच आवाजात ती वाचत गेली.

“सोमवार संध्याकाळ. बुधवारी तीन ते सात म्हणालास. दहा. बुधवार सकाळ, पहिला पाऊस नुसता जाईल म्हणालास. दहा. दुपारी उन्हाला घाबरा म्हणालास. दहा. पहिले तीन टोर्नेडो, सांगितल्या जागी. दहा, दहा, दहा.”

लॅनीने मान खाली घातली, डोळे पुसले. लोक टाळ्या वाजवायला लागले होते.

“चार एक्केचाळीस,” ओलेटा म्हणाली. “चार चव्वेचाळीस. चार एकोणपन्नास. लॅनी, माझा फोन कुणी उचलला?”

टाळ्या थांबल्या.

“मिस ओलेटा, त्या दिवशी गोंधळ फार—”

“कुणी उचलला एवढंच विचारतेय. कुठल्या मजल्यावर?”

त्याने माईकवर तळवा ठेवला. पण त्याच्या कॉलरला दुसरा छोटा माईक होता, तो त्याच्या लक्षात राहिला नाही. पटांगणातल्या दोन्ही कर्ण्यांतून त्याचा दबका आवाज सगळ्यांना ऐकू आला. “हे इथं नको, मिस ओलेटा. मी तुमच्यासाठीच केलं होतं ते.”

कॅमेऱ्यामागच्या माणसाने हात हलवला आणि टीव्हीच्या पडद्यावर राज्याचा नकाशा आला, उद्या आभाळ निरभ्र. इकडे कुणी ओरडलं नाही, दगड उचलला नाही. हेन्सन म्हातारा उठला, मदतीचा खोका गाडीच्या पायरीवर परत ठेवून आला. मग दुसरा कुणी, मग तिसरा. लॅनी बोलत होता, समजावत होता, प्रत्येकाला नावाने हाका मारत होता. त्याला सगळ्यांची नावं पाठ होती.

विनेल खुर्चीवरून उठून बहिणीजवळ आली. वादळानंतर पहिल्यांदाच इतकी जवळ आली होती.

“बघू वही.”

ओलेटाने दिली. विनेलने त्या तिन्ही फोनच्या वेळा वाचल्या, त्यांच्यावरून बोट फिरवलं. निदान हिला तरी कळलं, निदान बहीण तरी मिळाली, असं ओलेटाला वाटलं, आणि तिने विनेलच्या खांद्याकडे हात नेला. विनेल मात्र पानं मागे उलटत होती. मागचं पान, त्यामागचं, मार्चमधलं, फेब्रुवारीतलं. आठ. नऊ. नऊ. दहा.

“तू फोन केलास,” विनेल म्हणाली. “तुझ्यावर संशय घेतला, माझं चुकलं, सिस.”

“जाऊ दे गं.”

“पण डॉइल काही लॅनीच्या भरवशावर बसून राहिला नव्हता. लॅनीला तो ओळखत कुठं होता?” तिने वही मिटून बहिणीच्या हातात परत दिली. “तो या मार्कांच्या भरवशावर बसून राहिला.”

ती पार्किंगकडे चालायला लागली. ओलेटा तिच्यामागे दोन पावलं गेली आणि थांबली. विनेल आता हेन्सनच्या लेकीकडे राहते, आणि तिला न्यायला त्या लेकीचीच गाडी आली होती.